फासे कोणते घ्यायचे?

मे महिन्यात सावद्याला दुपारी घराबाहेर पडण्यात अर्थ नसतो. पारा ४४-४५ अंशांवर चढलेला असतो, रस्ते ओस पडलेले असतात आणि केळीच्या बागांवरून येणारा वारासुद्धा तोंड भाजून काढतो. अशा वेळी मुलांनी करायचे काय? गेल्या सुट्टीत आमच्या ओसरीवर पाच मुले जमली होती. माझी दोन, पुण्याहून आलेली पुतणी, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारचा एक. चार दिवस पत्ते आणि कॅरम झाले. पाचव्या दिवशी पुतणीने एक नवा खेळ काढला आणि सहाव्या दिवशी त्यावरून असे भांडण पेटले की खटला माझ्यापुढे आला. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, न्यायनिवाडा हा माझा विषय नव्हे. पण भांडणाच्या मुळाशी गणित निघाले आणि त्यात माझे दोन दिवस गेले. ते गणित तुम्हालाही सांगावेसे वाटते. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा.

आधी खेळ कसा होता ते सांगतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचत जायची. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, "पुढे असीरगडचा घाट आहे, पाऊस सुरू झालाय, आणि समोरून एक ट्रॅक्टर येतोय. काय करता?" ज्याचे पात्र गाडी चालवत असेल तो म्हणतो, "मी गाडी डाव्या कडेला दाबतो." आता हे त्याला जमले की नाही? सूत्रधाराने ठरवले तर पक्षपात होईल, खेळाडूने ठरवले तर त्याला सगळेच जमेल. म्हणून दान टाकायचे. दान सांगेल ते खरे.

अशा खेळांचा आज जगभर प्रसार झाला आहे. त्यातला पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरे आणि अजगरासारखे राक्षस. आमच्या मुलांना राक्षसांचे वेड नव्हते. त्यांनी आपल्या गावचा विषय घेतला. केळीच्या घडांनी भरलेला ट्रक सावद्याहून निघतो आणि रावेर, बऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा असे करत २० टप्प्यांत दिल्लीला पोचतो. वाटेत प्रत्येक टप्प्यावर काहीतरी विघ्न. उशीर झाला की केळी पिकू लागतात, आणि एक फणी पिकली की तिच्यातून निघणाऱ्या एथिलीन वायूने शेजारच्याही पिकू लागतात, तेव्हा उशीर करून चालत नाही.

पुतणी झाली तीस वर्षे गाडी चालवलेली ड्रायव्हर. तिचा धाकटा भाऊ क्लीनर, नुकताच चाक हातात धरायला शिकलेला. ड्रायव्हरचे कसब अधिक ३, क्लीनरचे उणे ३ असे ठरले. हौजीच्या खेळातले १ ते २० आकडे एका पिशवीत घातले. काम करायचे असेल तेव्हा एक आकडा काढायचा, त्यात आपले कसब मिळवायचे. बेरीज ११ किंवा जास्त आली तर काम फत्ते. आकडा परत पिशवीत.

आणि मग असे झाले की घाटात ड्रायव्हरबाई लागोपाठ तीन वेळा चुकल्या. गाडी एकदा चरात गेली, एकदा बंद पडली आणि एकदा उलट दिशेला वळली. शेवटी क्लीनरने चाक हातात घेतले आणि पहिल्याच दानात घाट पार केला. सगळे खो खो हसले. पुतणी तेवढी हसली नाही. ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली.

"काका, तीस वर्षांच्या अनुभवाचा मग उपयोग काय?"

"अगं, नशीब," मी म्हणालो.

"नशीब नाही, तुमची पिशवी वाईट आहे."

पिशवी आमचीच होती, त्यामुळे मला उत्तर देणे भाग होते.

पिशवीतला प्रत्येक आकडा निघण्याची शक्यता सारखी, २० त एक. कसब नसलेल्या माणसाला ११ ते २० यांपैकी काहीही चालेल, म्हणजे २० पैकी १० आकडे, शेकडा ५०. ड्रायव्हरला ८ पासून पुढे चालेल, म्हणजे १३ आकडे, शेकडा ६५. क्लीनरला १४ पासून पुढचे ७ आकडे, शेकडा ३५. आता पाहा, तीस वर्षांची ड्रायव्हर दर तीन वेळांत साधारण एकदा चुकणार! ती लागोपाठ तीनदा चुकण्याची शक्यता ०.३५ × ०.३५ × ०.३५, म्हणजे सुमारे २३ त एक. दिवसभर खेळले तर असा प्रसंग यायचाच. तेव्हा पुतणीचे म्हणणे बरोबर होते. आपल्यापैकी कोणी अशा ड्रायव्हरच्या गाडीत बसेल का?

मग काय बदलायचे? कसबाचा आकडा ३ ऐवजी ८ करता येईल, पण मग क्लीनरला उणे ८ द्यावे लागेल, आणि त्याने खेळायचेच कशाला? पुतणीला हे पटले नाही. तिच्या भावाला तर मुळीच नाही. मी म्हटले, आकडा तोच ठेवू, दान टाकण्याची वस्तू बदलू.

घरात ल्यूडोचे दोनतीन संच होते. त्यांतले तीन नेहमीचे सहा बाजूंचे फासे घेतले. तिघांची बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८. सरासरी किती? एका फाशाची सरासरी ३.५, तिघांची १०.५. पिशवीतल्या २० आकड्यांची सरासरीही १०.५ च आहे, स्वतः करून पाहा. म्हणजे सरासरी पाहिली तर दोन्ही सारखेच. पण १८ हे दान पडायला तिन्ही फाशांवर एकदम ६ यायला हवेत आणि तसे २१६ त एकदाच होते. उलट १० हे दान कितीतरी तऱ्हांनी पडते.

या "कितीतरी" शब्दाने पूर्वी भल्याभल्यांना फसवले आहे. इटलीतल्या जुगाऱ्यांना एक कोडे पडले होते. तीन फाशांनी ९ ही बेरीज सहा प्रकारांनी होते: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. दहाही सहाच प्रकारांनी होतात: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४. तरी अनुभव असा की १० थोडे जास्त वेळा पडतात. हे का? कोडे सोडवले गॅलिलिओने. तोच तो, दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा. त्याने सांगितले की फासे तीन निरनिराळ्या रंगांचे समजा. मग १-२-६ हे एक दान नसून सहा दाने आहेत, कारण तांबड्यावर १, हिरव्यावर २ आणि पिवळ्यावर ६ हे एक, तांबड्यावर २, हिरव्यावर १ आणि पिवळ्यावर ६ हे दुसरे, असे. १-४-४ ची तीन दाने होतात आणि ३-३-३ चे एकच. असे मोजले की ९ ची २५ दाने होतात आणि १० ची २७. एकूण दाने २१६. फरक केवढा, तर २१६ त दोन! तो नुसत्या अनुभवाने ओळखणाऱ्या जुगाऱ्यांनी किती वेळा फासे टाकले असतील याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

आपल्याकडेही ही जाण जुनी आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजता सांगतो आणि नळराजाला फाशांची विद्याही तोच देतो. मोजणे आणि फासे ही एकाच घरची विद्या आहे, हे ती गोष्ट रचणाऱ्याला ठाऊक असावे.

आपण घाटात अडकलेल्या ट्रककडे वळू. तीन फाशांच्या सर्व २१६ दानांची मोजणी केली की असे दिसते: ३ ते ७ या बेरजा मिळून ३५ दानांत येतात, म्हणून ८ किंवा जास्त येण्याची १८१ दाने उरली. ड्रायव्हरला यश मिळण्याची शक्यता झाली २१६ त १८१, म्हणजे शेकडा ८४. आणि लागोपाठ तीन वेळा चुकण्याची शक्यता? २३ त एक होती, ती आता सुमारे २३५ त एक. कसबाचा आकडा होता तोच, ३. तेवढ्याच ३ चे वजन वाढले, कारण तीन फाशांची दाने मध्यभागी गर्दी करतात. डोंगराच्या ऐन माथ्यावर ३ पावले सरकलात तर पुष्कळ डोंगर तुमच्या बाजूला येतो. सपाट माळावर तीच ३ पावले म्हणजे फक्त ३ पावले.

पुतणी खूष झाली. तिचा भाऊ मात्र वहीवरची आकडेमोड माझ्या खांद्यावरून पाहत होता. तो हळूच म्हणाला, "काका, मग माझे काय?" त्याला १४ किंवा जास्त हवे. १४ ते १८ ची ३५ दाने, शेकडा १६. पिशवीने त्याला ३५ दिले होते! बहिणीचे वाढवताना मी त्याचे निम्म्याहून कमी केले होते. हा डोंगर दोन्ही बाजूंना सारखाच उतरतो, हे मी विसरलो नव्हतो, पण बोललो नव्हतो हे खरे.

इतक्यात आतून नाना आले. नाना म्हणजे माझे वडील. गलका ऐकून त्यांची झोपमोड झाली होती. त्यांनी सगळा प्रकार ऐकून घेतला, काही न बोलता आत गेले आणि माळ्यावरच्या पेटीतून त्यांचा सारीपाट घेऊन आले. कापडी पट, लाकडी सोंगट्या, एका थैलीत कवड्या आणि तीन लांबट फासे. "हे टाकून पाहा," म्हणाले. "तुमच्या त्या ठोकळ्यांपेक्षा बरे."

हे फासे तुम्ही पाहिले नसतील तर सांगतो. बोटाएवढी लांब, चौकोनी कांडी. ती टोकावर उभी राहूच शकत नाही, म्हणून चारच बाजूंचे दान पडते. त्या चार बाजूंवर ठिपके असतात १, २, ५ आणि ६. तीन आणि चार नाहीतच! अकबराच्या काळी अबुल फज्लने 'आईने अकबरी'त चौपटीच्या खेळाचे वर्णन केले आहे, त्यातही असेच तीन लांबट फासे आणि हेच चार आकडे आहेत. (आमच्या मुलांचा ट्रक ज्या असीरगडापाशी अडकला होता तो किल्ला याच अकबराने १६०१ साली घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला, हे जाता जाता.)

मी मनात म्हटले, यात काय विशेष? १, २, ५, ६ यांची सरासरी ३.५ च आहे. तिन्हींची सरासरी तीच १०.५. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. सगळे ल्यूडोच्या फाशांसारखेच. तरी सवयीने दाने मांडायला बसलो. प्रत्येकाच्या चार बाजू, म्हणून एकूण दाने ४ × ४ × ४ = ६४. बेरजा अशा निघाल्या: ३ चे एक दान, ४ ची तीन, ५ ची तीन, ६ चे एक, ७ ची तीन, ८ ची नऊ, ९ ची नऊ, १० ची तीन. पुढे ११ पासून हेच आकडे उलट क्रमाने: ३, ९, ९, ३, १, ३, ३, १.

पुन्हा वाचा. बरोबर मध्ये, जिथे ल्यूडोच्या फाशांचा माथा असतो, त्या १० आणि ११ ला इथे चक्क खड्डा आहे! माथे दोन आहेत, एक ८-९ ला आणि दुसरा १२-१३ ला. आलेख काढलात तर उंटाची पाठ दिसेल, दोन मदारींच्या उंटाची. मी आधी मोजण्यात चूक केली असे समजून पुन्हा मोजले. चूक नव्हती. कारण सोपे आहे. प्रत्येक फाशावर मधले आकडे काढून टाकले आहेत, एक तर लहान (१, २) नाही तर मोठे (५, ६). तीन फाशांपैकी दोन लहान आणि एक मोठा आला तर बेरीज ७ ते १० च्या दरम्यान, दोन मोठे आणि एक लहान आला तर ११ ते १४ च्या दरम्यान. मधल्या सीमेवर फारच थोडी दाने येतात.

यातले १३ हे दान तुमच्या ओळखीचे आहे. एक फासा १ आणि दोन फासे ६-६, म्हणजे एक आणि बारा, म्हणजेच 'पोबारा'. चोराने पोबारा केला असे आपण म्हणतो तेव्हा सारीपाटाचेच दान बोलत असतो. खुद्द १-६-६ ची दाने ६४ त तीन, पण २-५-६ नेही १३ होतात आणि ती सहा आहेत.

आता तिन्ही साधने शेजारी शेजारी मांडू. ११ किंवा जास्त हवे असताना शंभरात किती वेळा यश येईल ते खाली दिले आहे (जवळच्या पूर्णांकात).

कसब ०: पिशवी ५०, ल्यूडोचे तीन फासे ५०, सारीपाटाचे तीन फासे ५०
कसब १: पिशवी ५५, ल्यूडो ६३, सारीपाट ५५
कसब २: पिशवी ६०, ल्यूडो ७४, सारीपाट ६९
कसब ३: पिशवी ६५, ल्यूडो ८४, सारीपाट ८३

मला या तक्त्यातला शेवटचा रकाना सर्वात आवडतो. कसब फक्त १ असेल तर सारीपाटाचे फासे त्याला पिशवीइतकीच किंमत देतात, कारण सीमेवरच्या खड्ड्यात एक पाऊल टाकून हाती फारसे लागत नाही. पण कसब ३ झाले की तेच फासे ल्यूडोच्या बरोबरीला येतात. जणू ते म्हणतात, दोन दिवस शिकून आलास, ठीक आहे, अजून तू नवखाच. खूप शिकून आलास, तर मानतो तुला. ज्या कारागिराने पहिल्यांदा या कांड्यांवर ठिपके कोरले त्याने असा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. त्याला बहुधा समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ करायची असेल, आणि १-६, २-५ या जोड्या निवडल्या असतील. पण झाले ते असे.

तर मग घाटात कोणते फासे? मुलांनी मते घेतली. मी मत दिले नाही, पण माझे मत आहे आणि ते सांगतो. "सर्वात न्याय्य फासे कोणते?" हा प्रश्नच अर्धवट आहे. ज्या कामात सराव सर्वकाही असतो तिथे नवख्याला पिशवीतून ३५ टक्के देणे हे ड्रायव्हरवर अन्याय करणे आहे. पण दिल्लीच्या बाजारात आज किती ट्रक आधीच येऊन उभे आहेत, यावर ड्रायव्हरच्या तीस वर्षांचा काय परिणाम होणार? तिथे पिशवीच योग्य. १९७४ च्या त्या अमेरिकन खेळातही दोन्ही प्रकार होते. पात्राचे बळ, बुद्धी वगैरे ठरवायला तीन सहा-बाजूंचे फासे, कारण बहुतेक माणसे मध्यम असतात. आणि लढाईत वार लागला का हे ठरवायला २० बाजूंचा एक फासा, कारण लढाईत काहीही होते. वीस समभुज त्रिकोणांचा तो फासा फार देखणा असतो. सारख्याच आकाराच्या नियमित बाजू असलेले आणि प्रत्येक कोपऱ्यावर सारख्याच संख्येने बाजू एकत्र येणारे बहिर्वक्र घनाकार पाचच आहेत, ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे, आणि त्या खेळाने पाचही वापरले. वीस बाजूंचे फासे दोन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्येही सापडले आहेत. आमच्याकडे हौजीची पिशवी होती, तिने तेच काम केले.

मुलांनी शेवटी असे ठरवले की गाडी चालवणे, दोर बांधणे, इंजिन दुरुस्त करणे ही कामे ल्यूडोच्या तीन फाशांनी. गिऱ्हाईक, बाजारभाव, रस्त्यावरची गर्दी ही पिशवीने. बाजारात बोलण्याचे कसब क्लीनरला अधिक ३ मिळाले, कारण तो खरोखरच बोलघेवडा आहे. आणि धाकट्याची समजूत पटावी म्हणून आणखी एक नियम झाला: ड्रायव्हर शेजारी बसून सांगत असेल तर क्लीनरने फासे दोनदा टाकायचे आणि मोठे दान धरायचे. याने त्याचे १६ टक्के ३० होतात. कसे ते तुम्ही काढा. दोन्ही वेळा चुकण्याची शक्यता आधी काढलीत तर सोपे जाईल. (२०१४ च्या सुमारास त्या अमेरिकन खेळातही हीच दोनदा टाकण्याची युक्ती आली. आमच्या मुलांनी ती आपली आपण शोधली याचा मला अभिमान वाटला, तो मी लपवला.)

राहिले वादळ. तुमच्यापैकी जे रावेर-यावलकडचे असतील त्यांना वेगळे सांगायला नको. मे-जूनमध्ये एखाद्या संध्याकाळी आभाळ काळेनिळे होते आणि अर्ध्या तासात घडांनी वाकलेल्या केळीच्या बागा आडव्या होतात. वर्षभराची मेहनत जमिनीवर. मुलांना खेळात वादळ हवे होते. पहिल्या दिवशी त्यांनी नियम केला होता की दर टप्प्याला एक फासा टाकायचा, १ पडला तर वादळ. सहात एक! नाना ते ऐकून म्हणाले, "असे असते तर सावद्यात कोणी केळी लावली नसती."

त्यांनीच थैलीतल्या सहा कवड्या काढल्या. कवड्यांच्या खेळात एका रूढ पद्धतीत उताण्या कवड्या मोजतात. दोन उताण्या तर २, तीन तर ३, असे सहापर्यंत. पण एकच उताणी तर १०, आणि सगळ्या पालथ्या तर एकदम २५. 'पचिशी' हे नाव त्यावरूनच. प्रत्येक कवडी उताणी की पालथी याची शक्यता निम्मी-निम्मी धरली तर एकूण दाने ६४. त्यांतली २, ३, ४ ही साधी दाने ६४ पैकी ५० वेळा पडतात, आणि पंचवीस ६४ त एकदा. रोज उठून साधेसुधे, आणि क्वचित कधीतरी सगळे उलटेपालटे करून टाकणारे. वादळाला याहून योग्य साधन मला सुचले नसते. सगळ्या पालथ्या पडल्या तर वादळ, असा नियम झाला. २० टप्प्यांच्या प्रवासात एकदा तरी वादळ येण्याची शक्यता किती? एका टप्प्यात न येण्याची शक्यता ६३/६४, ती २० वेळा स्वतःशी गुणली की ०.७३ येते. म्हणजे वादळ येण्याची सुमारे २७ टक्के. चार प्रवासांत साधारण एकदा. नानांनी यावर मान हलवली, ती होकारार्थी होती असे आम्ही धरले.

पण मी वर एक लबाडी केली आहे. तुमच्या लक्षात आली का? "निम्मी-निम्मी धरली तर" असे म्हणून मी पुढे गेलो. कवडी म्हणजे नाणे नव्हे. तिची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी आणि चीर असलेली. ती दोन्ही बाजूंवर सारख्याच वेळा का पडावी?

कवड्या नसल्या तर चिंचोके घ्या. फरशीवर एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके तुमच्या आजीने नक्की खेळायला घेतले असतील. त्या खेळाला कुठे चल्लस-आठ म्हणतात, कुठे अष्टाचंग. चारही काळे पडले तर ८. घासलेल्या चिंचोक्याला आपण ढोबळमानाने अर्धा गोल समजू. भरीव अर्ध्या गोलाचा गुरुत्वमध्य सपाट बाजूपासून त्रिज्येच्या ३/८ अंतरावर असतो. सपाट बाजू खाली असेल तर गुरुत्वमध्य जमिनीपासून ३/८ त्रिज्येवर, फुगीर बाजू खाली असेल तर ५/८ त्रिज्येवर. वस्तूचा कल गुरुत्वमध्य खाली आणण्याकडे असतो. म्हणून पांढरी सपाट बाजू खाली आणि काळी वर, असे निम्म्याहून जास्त वेळा व्हावे असा माझा कयास आहे. पण फुगीर बाजूवरही चिंचोका डुलत डुलत स्थिर राहू शकतो, आणि सतरंजीवर टाकला तर तो घरंगळतच नाही. तेव्हा कयासावर विसंबू नका, टाकून मोजा. एकच चिंचोका २०० वेळा फरशीवर टाका, मग २०० वेळा सतरंजीवर, आणि काळी बाजू किती वेळा वर आली ते लिहून ठेवा.

एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. समजा काळी बाजू १०० त ५० ऐवजी ६० वेळा वर येते. फरक तसा क्षुल्लकच. पण चारही काळे येण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, सुमारे १३ टक्के, आणि चारही पांढरे येण्याची ०.४ चा चौथा घात, २.६ टक्के. एका चिंचोक्यातला दीडपट फरक चार चिंचोक्यांत पाचपट झाला! सहा कवड्या असत्या तर अकरापटीहून जास्त. आठाचे दान मोठे ठेवले ते दुर्मिळ म्हणून, आणि तुमचे चिंचोके ते ६ टक्क्यांऐवजी १३ टक्के वेळा देऊ लागले तर खेळाचा सगळा हिशेबच बदलतो.

आमच्या मुलांनी कवड्या मोजायला सुरुवात केली, पण दीडशेच्या सुमाराला वीज आली, पंखा सुरू झाला आणि सगळे पुन्हा ट्रककडे धावले. या वेळी ड्रायव्हरबाईंनी असीरगडचा घाट पहिल्याच दानात पार केला. दिल्लीच्या बाजारात क्लीनरने पिशवीतून २० काढला आणि चढ्या भावाने सगळा माल विकून टाकला. परतीच्या वाटेवर, बऱ्हाणपूरच्या अलीकडे, सहाच्या सहा कवड्या पालथ्या पडल्या. ट्रक रिकामा होता, त्यामुळे नुकसान काहीच झाले नाही. पण वादळ सावद्याच्या बागांवर गेले की नाही, हे नियमांत लिहिलेच नव्हते, आणि त्यावरून दुसरे भांडण सुरू झाले.